पावडर आणि द्रव एकाच झोतात: ‘मिश्र’ की ‘जोड’?

जळगाव: मराठीत लिहिताना शब्दांवर अडलोय. प्लाझ्मा लेपनात, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतात साहित्य वितळवून पृष्ठभागावर थर चढवताना, पावडर आणि द्रव दोन्ही एकाच झोतात सोडतात. त्याला ‘मिश्र फवारणी’ म्हणावं का? आणि फीडस्टॉकला, म्हणजे झोतात सोडायच्या साहित्याला, ‘कच्चा माल’ चालेल?

चोपडा: ‘मिश्र’ नको, भाऊ. मिश्रपिकात बियाणं आधीच एकत्र करून पेरतात. आंतरपिकात ओळी वेगळ्या, शेत एक. इथे आंतरपिकासारखं आहे. साधारण १० ते १०० मायक्रॉनची पावडर वाहक वायूवर एका नळीतून येते. एक मायक्रॉनहून बारीक कण नुसत्या वायूवर नीट वाहत नाहीत, गुठळ्या होऊन नळी तुंबते. म्हणून ते पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये कालवून दुसऱ्या नळीतून सोडतात. दोघांची गाठ झोतातच पडते. ‘मिश्र’ वाचून कुणी पावडर द्रवाच्या टाकीत ओतली तर बारीक छिद्राचं नोझल गेलंच. ‘जोड-फवारणी’ म्हणा.

धुळे: ‘द्रव’ही मोघम आहे. बोर्डो मिश्रण घ्या: १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. ढवळलं नाही तर साका बसतो. ते निलंबन: घन कण न विरघळता द्रवात तरंगतात. इथल्या निलंबनाचंही तेच, टाकी सतत ढवळती हवी. क्षारांच्या द्रावणात मात्र घन कण नसतातच. लेपाचं ऑक्साइड झोतातच तयार होतं. लिहिताना ‘निलंबन’ की ‘द्रावण’ हे सांगायलाच हवं.

भुसावळ: जोडीतली खरी ओढाताण अंतराची. पावडरला गनपासून (झोत सोडणाऱ्या यंत्रापासून) पृष्ठभागापर्यंत १०० मिलिमीटर किंवा जास्त लागतं, निलंबनाला बहुधा ४० ते ६०. लांब गेलं की बारीक कण थंड होतात, वायूबरोबर बाजूला वळतात, पृष्ठभागावर आपटतच नाहीत. त्यात द्रव झोताची उष्णता खातो: एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल, इथेनॉलला साधारण ८५०. म्हणून आधी नुसत्या पावडरवर गन जुळवून घ्या, मग नुसता द्रावक (पाणी किंवा इथेनॉल) सोडा, शेवटी निलंबन. पावडर वितळेनाशी झाली तर द्रव कमी करा किंवा शक्ती वाढवा. बंद करताना उलट: निलंबन थांबवून द्रावकाने नळी धुवा, नाहीतर नोझलमध्ये खडा धरतो.

जळगाव: न वितळलेल्या कणाला काय लिहू?

चोपडा: ‘कच्चा कण’. आतून कच्ची राहिलेली भाकरी जशी. म्हणूनच फीडस्टॉकला ‘कच्चा माल’ नको, दोन ‘कच्चे’ एका पानावर घोळ करतील. ‘फवारद्रव्य’ लिहा.