काकांचा पितळी बिल्ला एनसीसीच्या हवाई विभागाचा असेल का?

कृष्णाकाठ (सातारा):
नमस्कार. साताऱ्यातील आमच्या जुन्या घरातल्या ट्रंकेत थोरल्या काकांचे एक छायाचित्र आणि एक पितळी बिल्ला सापडला. छायाचित्रात काकांनी उलट्या होडीच्या आकाराची टोपी तिरकी घातली आहे, बाहीवर दोन पात्यांचा आडवा प्रोपेलर शिवलेला आहे आणि मागच्या बाजूला शाईने ‘डिसेंबर १९४९’ असे लिहिले आहे. बिल्ल्यावर मुकुट आणि त्याखाली पानांची माळ दिसते. मधली अक्षरे मात्र, आजी दर दसऱ्याला तो चिंचेने घासत असल्यामुळे, पार झिजून गेली आहेत. काका कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई विभागात होते, असे घरात सगळे सांगतात. गणवेश फिकट दिसतो, त्यावरून तो निळा असावा असे मला वाटते. हा तर्क योग्य आहे का?

जुना छात्र (सांगली):
घरातली आठवण आणि छायाचित्रावरची तारीख यांचा मेळ बसत नाही. राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ साली झाला, पण तिचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाला, आणि तोही मुंबई व कलकत्ता येथील एकेका स्क्वाड्रनने. तेव्हा डिसेंबर १९४९ मध्ये त्या विभागाचा गणवेश कोणाच्याही अंगावर असणे शक्य नव्हते.

बिल्ल्यावरचा मुकुटही त्याच बाजूने साक्ष देतो. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा १९४५ पासून वायुसेनेच्या नावामागे असलेला ‘रॉयल’ हा शब्द गेला आणि सैन्यदलांच्या चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. दोन पात्यांचा प्रोपेलर पाहून अनेकांना ती वैमानिकाची खूण वाटते, पण वैमानिकाचे पंख छातीवर असतात. बाहीवरचा हा प्रोपेलर ब्रिटिश वायुसेनेकडून आपल्याकडे आला असून तो ‘लीडिंग एअरक्राफ्ट्समन’ (एल. ए. सी.) या वायुसैनिकांच्या कनिष्ठ हुद्द्याचा आहे. माझ्या मते आपले काका छात्र नव्हते, ते वायुसेनेच्या नोकरीतच होते, आणि हे घरच्यांना आवर्जून सांगावे असे मला मनापासून वाटते.

माहुलीकर:
रंगाविषयी थोडे लिहितो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळा रंग फिकट आणि लालसर रंग गडद उमटत असे, पुढच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तसे होत नसे. फिल्म कोणती होती हे कळल्याखेरीज कृष्णधवल छायाचित्रावरून कापडाचा रंग ठरवू नये.

शिवाय तरुणांच्या हवाई पथकांत कापड वायुसेनेसारखेच असते, वेगळेपण खुणेत असते. ब्रिटनमध्ये ५ फेब्रुवारी १९४१ रोजी स्थापन झालेल्या एअर ट्रेनिंग कोअरने वायुसेनेचाच निळसर राखाडी रंग घेतला, पण बिल्ल्यावर स्वतःचा ससाणा आणि स्वतःचे बोधवाक्य ठेवले. अमेरिकेच्या सिव्हिल एअर पेट्रोल या नागरी स्वयंसेवकांच्या संघटनेत छात्रांची शाखा १९४२ साली निघाली. त्या संघटनेचे लोक नियमित सैनिकांहून वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या खांद्यांवर लाल पट्ट्या लावल्या गेल्या, आणि निळ्या वर्तुळातल्या पांढऱ्या त्रिकोणात लाल तीनपाती प्रोपेलर हे त्यांचे चिन्ह ठरले. आपल्या छात्रसेनेतही खांद्यावरची ‘एनसीसी’ ही अक्षरे हेच काम करतात. काकांच्या खांद्यावर ती आहेत का, हे भिंगाखाली पाहावे. आणि कृपा करून बिल्ला आता चिंचेने घासू नये, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावा.

कृष्णाकाठ (सातारा):
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. भिंगाने पाहिले, खांद्यावर कोणतीही अक्षरे नाहीत. त्यानंतर ट्रंकेच्या तळाशी घातलेला कागद उचलला, तर त्याखाली काकांचे एक पाकीट निघाले. त्यावर त्यांच्या नावाआधी ‘एल. ए. सी.’ असे टंकलिखित आहे. सकाळी आत्याला ते वाचून दाखवले. बराच वेळ ती बिल्ला तळहातावर घेऊन बसली होती.