मदत हवी आहे: विष निकामी करणारं यकृत स्वतःच विष कसं तयार करतं?

नमस्कार मंडळी,

भाचीला जीवशास्त्र शिकवताना अडकलोय. मूत्रपिंडांचा भाग जमला. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. म्हणजे पेशी आणि मोठी प्रथिनं सोडून बाकी सगळं आधी बाहेर काढायचं, मग त्यातलं कामाचं तेवढं परत उचलायचं. कपाट आवरताना आपण करतो तसंच. पूर्वी कधी न पाहिलेला पदार्थसुद्धा यातून आपोआप बाहेर पडू शकतो, ही युक्ती मला फार आवडली.

गाडी अडली ती यकृतापाशी. पुस्तक म्हणतं, यकृत विषारी पदार्थ निर्विष करतं. पण पॅरासिटामॉल जास्त झालं तर घातक ठरतो तो मूळ पदार्थ नव्हे, यकृताने त्यातून बनवलेला. मेथॅनॉलचंही तेच: त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि त्याने दृष्टी जाते. भाची म्हणाली, "मामा, मग यकृताने काही केलंच नसतं तर बरं झालं असतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाणकारांनी कृपया सांगावं.

जाता जाता अजून एक: घामावाटे विषं जातात हे कितपत खरं?

प्रतिसाद १

भाचीचा प्रश्न चोख आहे. घोळ 'निर्विष' या शब्दात आहे. यकृताला विष ओळखता येत नाही. त्याचं काम तेलकट रेणू पाण्यात विरघळेल असा करणं, कारण तेलकट पदार्थ मूत्रपिंडात गाळला गेला तरी नळीच्या भिंतीतून झिरपून परत रक्तात येतो.

पण तेलकट रेणूला धरायला बऱ्याचदा जागाच नसते. म्हणून सायटोक्रोम पी४५० गटातली एन्झाइम्स त्यावर आधी एक कडी बसवतात. मग दुसऱ्या टप्प्यात दुसरी एन्झाइम्स त्या कडीत ग्लुक्युरोनिक आम्ल, सल्फेट किंवा ग्लुटाथायोन असा पाण्यात विरघळणारा तुकडा अडकवतात आणि तो लघवीतून किंवा पित्तातून बाहेर जातो. धोका मधल्या अवस्थेत असतो. कडी लागली, पण अडकवायला काही शिल्लक नाही, असा रेणू जवळच्या प्रथिनांनाच जाऊन चिकटतो. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग थेट दुसऱ्या टप्प्यात जातो. थोडासाच या वाटेने येतो आणि एरवी ग्लुटाथायोन त्याला आवरतं. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपतं. तेव्हा देतात ते एन-अॅसिटिलसिस्टीन म्हणजे ग्लुटाथायोनचाच कच्चा माल.

मेथॅनॉलवर काम करणारं एन्झाइम वेगळं, साध्या अल्कोहोलवर चालतं तेच. इथे मात्र भाचीचं म्हणणं शब्दशः खरं आहे. उपचारात ते एन्झाइमच अडवून ठेवतात आणि मेथॅनॉल तसंच बाहेर जाऊ देतात.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. दुसऱ्या टप्प्याचा मुद्दा पटवायला नवजात बाळांची कावीळ सांगा. जुन्या तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन तयार होतं. ते तेलकट, आणि बाळाच्या यकृताला त्यावर ग्लुक्युरोनिक आम्ल चढवणं अजून नीट जमत नसतं. बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, त्याने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि तो यकृताच्या त्या टप्प्याशिवायच पित्तात उतरतो.

घामाचं फार मनावर घेऊ नका. पाणी, मीठ, थोडा युरिया. त्याचं खरं काम अंग गार ठेवणं.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार! बिलिरुबिनचं उदाहरण तिला एकदम पटलं. लगेच पुढचा प्रश्न: शिशाचं काय? त्याचंही असंच काही करता येतं का?

प्रतिसाद १

शिसं मूलद्रव्य आहे, यकृत त्याचं दुसरं काही बनवू शकत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. रक्तातलं प्रमाण फार वाढलं तर त्याला धरून लघवीतून नेणारी औषधं देतात. म्हणजे कडी बाहेरून आणावी लागते.