मंडळीने मुलांचं इन्स्टाग्राम बंद करायला सांगावं का?

रंगावलीकाठची

सर्वांना सलाम. नवापूर तालुक्यातून लिहितेय. मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपल्यावर जाहीर झालं की सोळा वर्षांखालच्या मुलामुलींच्या फोनमध्ये इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट नको. आईबापांनी स्वतः काढून टाकायचं आणि ज्यांनी काढलं त्यांनी पुढच्या रविवारी हात वर करायचा. पुढच्या रविवारी बरेच हात वर झाले. मी केला नाही, म्हणून महिला मंडळात दोघीतिघींनी विचारलं. तिथे नीट बोलता आलं नाही, इथे सांगते.

एक तर आमच्याकडे कितीतरी घरांत फोन एकच, तोही बापाचा. पोरं त्याच्याच खात्यावर बघतात. तिथून काय काढणार? अ‍ॅप काढलं तरी यूट्यूबचे शॉर्ट्स आहेतच. २९ जून २०२०ला सरकारने टिकटॉक बंद केलं, आणि जुलैत त्याच पोरांच्या हातात रील्स आलं. त्यात शाळेचा अभ्यास, सहलीची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. फोनच काढून घ्यावा तर मास्तर विचारणार, "ग्रुपवर टाकलं होतं ना?"

पण माझं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीला कोणीतरी अनोळखी माणूस मेसेज करत होता. आधी "छान दिसतेस", मग फोटो माग, मग धमकी. तिने घरात चकार शब्द काढला नाही. का? तर घरच्यांच्या हिशोबात तिच्याकडे इन्स्टाग्राम नव्हतंच. बंदी असलेल्या घरात पोरीने तोंड उघडायचं म्हणजे आधी स्वतःची चोरी कबूल करायची. शेवटी तिने माझ्या मुलीला सांगितलं, मुलीने मला, आणि मग मी तिच्या आईला.

आम्ही घरी काय करतो तर रात्री साडेनऊला सगळे फोन स्वयंपाकघरात, फडताळावर, चार्जिंगला. आमचेही. (हे सगळ्यात जड नवऱ्याला जातं.) शनिवारी संध्याकाळी मुलगी मला तिच्याकडे काय काय येतं ते दाखवते. टिमली नाचाचे बँड, अहिराणी गाणी, कोरियन पोरांचे नाच, गोरं व्हायचं क्रीम, मध्येच एखादा पास्टर घसा ताणून ओरडतोय. मी प्रवचन देत नाही. "हे तुला का दाखवत असतील?" एवढंच विचारते. क्रीमवाल्या बाईबद्दल ती आपणहून म्हणाली, "मम्मी, हिला पैसे मिळतात याचे."

बायबलमधल्या दानीएलाला यरुशलेमातून कैद करून बाबेलात, परक्या राजाकडे, नेलं तेव्हा तो तिथल्या खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकलाच ना? आपली पोरंही बाबेलातच राहतात. मंडळीने त्यांना तिथे वागायला शिकवावं असं मला वाटतं. तुम्हाला?

पिंपळनेरकर

सलाम ताई. मी आमच्या मंडळीच्या वडीलजनांत (कारभार बघणाऱ्यांत) आहे आणि असाच ठराव आमच्याकडेही आणावा या मताचा आहे, तेव्हा स्पष्ट लिहितो.

शनिवारी मुलीबरोबर बसता, चांगलं आहे. तुम्हाला जमतं, तुम्ही शिकलेल्या आहात. आमच्या मंडळीत ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. आईबाप दिवाळीनंतर गुजरातेत, पोरं आजीजवळ. आजीने कोणतं फीड बघायचं?

दुसरं, या अ‍ॅपमागे मोठमोठी शिकलेली माणसं बसली आहेत आणि पोराचा अंगठा थांबू द्यायचा नाही हेच त्यांचं काम. त्यांच्यासमोर तेरा वर्षांचं पोर विवेक वापरेल ही अपेक्षा मला तरी क्रूर वाटते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची खाती कायद्याने बंद केली. ते काही मंडळीवाले नाहीत.

तिसरं, आणि हे नीट वाचा. एकट्या घराने बंद केलं तर ते पोर वर्गात एकटं पडतं. सगळ्या मंडळीने एकदम केलं तर तरुण संघात तरी कोणी वेगळं पडत नाही. एकट्या आईला जे जमत नाही तेच मंडळीला जमतं. डोळा पाप करवत असेल तर उपटून टाक, असं प्रभू म्हणाला. इथे तर नुसतं अ‍ॅप उपटायचंय.

आणि दानीएल विद्या शिकला हे खरं, पण राजाच्या ताटातलं खाल्लं नाही. "थोडं चाखून बघू, मग शनिवारी चर्चा करू" असं तो म्हणाला नाही.

मोसमकाठचा

भो, पोऱ्यासले मोबाईल दिधा ते बी गोंधय, नहीं दिधा ते बी गोंधय.

टिमलीवाला

काका, मी एकोणीस वर्षांचा, नंदुरबारला कॉलेजात. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नात बँडवर नाचलो, मित्राने रील टाकलं. पुढच्या रविवारी मला गिटार वाजवू दिली नाही. "ख्रिस्ती म्हणून साक्ष बिघडते" म्हणे. ज्यांनी खाली बसवलं त्यांनी ते रील पाहिलं कुठे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. इथे विचारतो.

मुळात वाईट काय आणि आपलं काय याची सरमिसळ होतेय. टिमली आम्हा आदिवासींची आहे, साहेब लोक बायबल घेऊन इथे यायच्या कितीतरी आधीपासून. दारू पिऊन नाचू नका म्हणा, मान्य. गाण्याचे शब्द घाणेरडे असले तर थांबवा, मान्य. पण फोनवर दिसलं म्हणून पाप? कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग-कीर्तन उपासनेत आणलं आणि आज तेच आपण डोळे मिटून गातो. ठराव करणाऱ्यांनी आधी आमच्याबरोबर बसून दहा रील बघावेत. कोणतं काढायचं ते आम्हीच सांगू, आम्हाला कळतं.

पिंपळनेरकर

बाळा, गिटार काढून घेतली ते मला पटलेलं नाही. पण तू एकोणीसचा आहेस, ठराव सोळाखालच्यांसाठी आहे.

लोको कॉलनी

भुसावळहून. ठराव चांगला की वाईट ते तुम्ही ठरवा, मी थोडं तांत्रिक सांगतो, कारण दोन्ही बाजू न बघताच बोलतायत.

इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांखाली खातं काढताच येत नाही, हा त्यांचाच नियम. तेरा ते सतरा वयासाठी वेगळं 'टीन' खातं आहे, भारतात फेब्रुवारी २०२५ पासून. ते आपोआप खासगी असतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रोज तासाभराने "आता बंद कर" अशी आठवण येते आणि रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प. सोळाखालच्या मुलाला हे सैल करायचं तर आईबापांची परवानगी लागते. देखरेख जोडली तर गेल्या सात दिवसांत मूल कोणाशी बोललं तेवढं दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. मला हे बरोबर वाटतं.

आता गोम. हे सगळं खऱ्या जन्मतारखेवर चालतं. आमच्या चिरंजीवांनी खातं काढताना जन्मसाल १९९८ टाकलं होतं, म्हणजे इन्स्टाग्रामच्या लेखी ते माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे! आधी मुलाच्या शेजारी बसून प्रोफाइलमधली जन्मतारीख बघा, बाकी सगळं नंतर.

कायद्याचंही सांगतो. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागणार. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीचा भाग लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत. तोवर घरचं घरीच बघावं लागेल.

शहाद्याची मावशी

तुम्ही सगळे नाच, क्रीम, वेळ यावरच बोलताय. माझ्या भाचीने नाताळात कॅरलचा व्हिडिओ टाकला. गोड गायलं होतं पोरांनी. खाली कमेंट: "तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकला." त्याखाली हसणारे चेहरे, आणि त्यांतला एक तिच्याच वर्गातला. पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही. घरी विचारलं तर म्हणे पोट दुखतंय.

ठराव करणाऱ्या मंडळीकडे याला उत्तर नाही, आणि फडताळावर फोन ठेवणाऱ्या ताईकडेही नाही. अ‍ॅप काढलं म्हणून वर्गातला तो मुलगा जात नाही. आम्ही काय केलं: उलट कमेंट करू दिली नाही, स्क्रीनशॉट ठेवला, कमेंट रिपोर्ट केली, सेटिंगमध्ये ते शब्द टाकून ठेवले म्हणजे तसल्या कमेंट लपतात. मग तिचा बाप वर्गशिक्षकांना शांतपणे भेटला. ओळखीच्या एका घरात बापाने स्वतः खाली शिव्या लिहिल्या, आणि तो स्क्रीनशॉट गावभर फिरला.

भाचीने मला विचारलं, "मावशी, आपण खरंच तांदूळ घेतला होता का?" तिला पणजोबांची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती, बाप्तिस्म्यानंतर गावाने पाणी बंद केलं होतं ती. संडे स्कूलमध्ये नोहाचं तारू दरवर्षी होतं, हे कधी होत नाही.

रंगावलीकाठची

मावशी, पणजोबांचं वाचून थांबले. हे मी घरी सांगणार.

पिंपळनेरकर भाऊ, एकटं पोर वेगळं पडतं हा तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि ऊसतोडीच्या घरांचाही. पण मग सगळ्यांना खरोखर पाळता येईल असंच काहीतरी ठरवा. हात वर करायला लावलं की माणसं खोटं बोलतात, तेही देवाच्या घरात. सगळ्या मंडळीने रात्री दहानंतर फोन बंद ठेवावा, पाळकसाहेबांसकट. आजीलाही तो काढून ठेवता येतो, त्याला फीड कळावं लागत नाही. आणि तरुण संघाच्या ग्रुपवर रात्री अकराला सरावाच्या सूचना येतात, त्या आधी थांबवा. पोरांनी त्या बघायच्या कधी?

राहिला दानीएल. त्याने राजाचं अन्न नाकारलं तेव्हा त्याचे आईबाप शेजारी नव्हते, कोणी ठरावही केला नव्हता. निश्चय त्याने स्वतःच्या मनाशी केला होता. तो माझ्या मुलीने करावा म्हणूनच शनिवारी बसते.

पिंपळनेरकर

आणि तो निश्चय करायची सवय त्याला बाबेलात जाण्याआधी यरुशलेमात लागली होती, ताई. सोळापर्यंतची वर्षं मी त्यासाठीच मागतोय. रात्री दहाचं मात्र बैठकीत मांडतो. ग्रुपच्या सूचना मीच टाकतो, त्या संध्याकाळी टाकेन.

लोको कॉलनी, एक विचारायचं होतं. नातू चौदाचा आहे, त्याचं खातं निघालंच. ती देखरेख जोडायची तर माझ्या फोनवर काय करावं लागेल?

लोको कॉलनी

काका, आईबापांपैकी कोणी जोडलेलं बरं. तुम्हालाच जोडायची असेल तर आधी तुमचं स्वतःचं इन्स्टाग्राम खातं लागेल.

पिंपळनेरकर

म्हणजे मी खातं काढायचं?

टिमलीवाला

काका, जन्मसाल खरं टाका हं.