मदत हवी आहे: आईच्या दाढांसाठी इम्प्लांट करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीजवळचे. आई ६४ वर्षांची, खालच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या दोन दाढा काढून बरीच वर्षं झाली. भाकरी आमटीत कुस्करून डाव्या बाजूनं खाते. काढघाल करायचे दात करून घेतले होते, पण चावताना हलतात म्हणून ते कायम वाटीतल्या पाण्यात. मागे आधाराला दातच नाही, त्यामुळे ब्रिज (दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवून बसवलेले पक्के दात) बसत नाही.

आता डॉक्टर इम्प्लांट म्हणतात. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, तो हाडानं धरून ठेवेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग वर कॅप. पण दाढ गेली की तिथलं हाड झिजतं, आणि खालच्या जबड्यात खालून नस जाते, म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) सांगितलाय. हाड कमी भरलं तर बोन ग्राफ्ट (तिथं हाडाची भर घालणं), म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही वाढणार.

खरी अडचण पुढं आहे. आईला शुगर आहे, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ८.१. शिवाय मिश्री! दोन्हींमुळं जखम भरायला आणि हाडानं स्क्रू धरायला अडचण येते. आमच्याकडं तंबाखूचा मुलूख, सांगून सुटते होय?

एवढ्या शुगरवर कुणी इम्प्लांट केलंय का, की आधी ती खाली आणायला लावली? मिश्री किती दिवस आधी बंद करायची? बेळगावात केएलईच्या डेंटल कॉलेजात करावं की कोल्हापूरला खासगीत? स्क्रूची कंपनी बिलावर लिहून देतात का? आणि कॅपचे पैसे वेगळे लावतात का, तेही सांगा. स्वस्त पॅकेजच्या जाहिराती कृपया पाठवू नका.