साल्झबर्गचा ‘ला त्राव्हियाता’: पॅरिस कुठाय?

जुनं_खोड: परवा इथे कोणीतरी वेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचं साल्झबर्ग महोत्सवातलं २००५ चं रेकॉर्डिंग (विली डेकरचं दिग्दर्शन, नायिका व्हिओलेता म्हणून नेत्रेब्को, नायक व्हियाझोन) ‘आजवरचा सर्वोत्तम’ म्हणून डोक्यावर घेतलं, तेव्हापासून डोकं उठलंय. गोष्ट पॅरिसमधल्या, क्षयाने मरणाऱ्या व्हिओलेताची, आणि रंगमंचावर दिवाणखाना नाही, झुंबर नाही, एक वाकडी पांढरी भिंत, लाल सोफा आणि ते अवाढव्य घड्याळ. कोरसमधल्या बायकांनाही काळे सूट. तिच्या डॉक्टर ग्रेनव्हिलला मुळात काम किती, इथे तो पडदा उघडल्यापासून यमदूतासारखा हजर! वेर्दीने लिहिलंय ते दाखवा की.

तिरकस: वेर्दीला १८५३ मध्ये त्याच्याच काळातले कपडे हवे होते, पहिला प्रयोग करणाऱ्या व्हेनिसवाल्यांनी गोष्ट १७०० च्या आसपास ढकलली. म्हणजे लिहिलेलं पहिल्याच प्रयोगात दाखवलं नव्हतं काका.

जुनं_खोड: त्याच्या काळातलं पॅरिस हवं होतं, दवाखान्याची वेटिंग रूम नव्हे.

कोथरूडची_काकू: माझं वेगळंच. ती नेत्रेब्को क्षयाची वाटते का हो? गाल बघा! माझी आत्या क्षयाने गेली, शेवटी पाणी मागायलासुद्धा आवाज फुटत नव्हता, आणि ही बाई मरता मरता तार सप्तकात. मी तिथेच बंद केलं.

तिरकस: पहिल्या प्रयोगातल्या नायिकेला, साल्व्हिनी-दोनातेल्लीलाही लोक याचसाठी हसले होते, क्षय झालाय म्हणे आणि अंगाने भरलेली. तुम्ही परंपरेतल्याच.

कोथरूडची_काकू: माझ्या आत्याची थट्टा नको.

तिरकस: आत्याला कोण काय म्हणालं? ‘एकच प्याला’तली सिंधू उपाशीपोटी पदं म्हणते ते चालतं, बालगंधर्वांना वन्समोअर देताना भुकेचा हिशोब कोणी केला नाही.

आडवाट: संगीत नाटकाला मध्ये आणू नका!! तिथे पद म्हणजे मनातलं बोलणं असतं, आणि आता तर तीन तासांत आटपायचं म्हणून निम्मी पदं कापतात, कॉलर माईक लावून ओरडतात, मागच्या प्रयोगाला तंबोरासुद्धा मशीनचा होता, तिकीट मात्र पाचशे.

तिरकस: मनातलं बोलणंच तर व्हिओलेता करते. असो, धागा गेला कामातून.

कोथरूडची_काकू: कॉलर माईकबद्दल आडवाटशी शंभर टक्के सहमत.

सा_रे_गप्प: माईकवाल्यांनी वेगळा धागा काढा. जुनं_खोड, तिसरा अंक परत बघा. आलेलं पत्र व्हिओलेता गात नाही, नुसती वाचते, कॅमेरा जवळ, आणि मग कार्निव्हलचा घोळका तिचाच लाल ड्रेस घातलेली दुसरी मुलगी घेऊन घुसतो. ही मेली नाही तोवर जागा भरली. झुंबराखाली हे दिसलं असतं?

जुनं_खोड: ती लाल ड्रेसवाली मुलगी चांगली सुचलीय, घ्या, दिले मार्क. पण ते क्लोज-अपचे लाड रेकॉर्डिंगमध्ये. थिएटरात शेवटच्या रांगेतल्याला काय दिसणार, सोफा!

तिरकस: शेवटच्या रांगेतून तुमचं झुंबर तरी दिसतं का?

जुनं_खोड: झुंबर दिसतं. म्हणून तर ते टांगतात.

आडवाट: कॉलर माईकचा धागा काढलाय, सगळ्यांनी या.