हिमनदी शिकवताना आधी चित्र काढून घ्यावं की आधी व्हिडिओ दाखवावा?

धागाकर्ता (भूगोल शिक्षक, परभणी जिल्हा)

नववीचा बाह्यप्रक्रियांचा धडा चालू आहे. हिमनदी म्हटलं की आमची लेकरं सरळ नदीच काढतात. लाटा, काठावर झाड. एका मुलीनं तर त्यात मासाही काढला. तिची चूक नाही. शब्दातच नदी आहे, आणि बर्फ तिनं पाहिलाय तो गारपिटीचा नाहीतर रसवंतीवरचा.

म्हणून यंदा मी आधी काहीच समजावलं नाही. फळ्यावर दोन डोंगर, मधे बर्फ आणि बर्फावर आडव्या रांगेत रोवलेल्या पाच काठ्या, एवढंच काढलं. म्हटलं, एक वर्षानं या काठ्या कुठं असतील ते वहीत काढा. बहुतेकांनी अख्खी रांग सरळच्या सरळ खाली सरकवली. तिघांनी काठ्या जागच्या हलवल्याच नाहीत.

मग पीव्हीसीचा पाइप उभा चिरून तिरपा धरला, त्यात काकवी ओतली आणि वर ज्वारीचे दाणे आडवे मांडले. दोन-तीन मिनिटांत मधले दाणे पुढे गेले, कडेचे मागे राहिले, रांगेची कमान झाली. लेकरांनी न सांगता खोडरबर काढलं. त्यानंतर सांगितलं की स्वित्झर्लंडमधल्या ऱ्होन हिमनदीवर 1874 साली रंगवलेले दगड असेच आडवे मांडले होते आणि पुढं त्यांचीही अशीच कमान झाली.

माझं मत स्पष्ट आहे: आधी चुकीचं चित्र काढू द्यावं. तुमचं?

निवृत्त मुख्याध्यापक, लातूर

सर, तळमळ समजते, पण पटत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात साठ मुलं. पाइप चिरायचा कधी आणि वह्या बघायच्या कधी? आणि चुकीचं चित्र एकदा हातानं काढलं की डोक्यातून जात नाही, हा माझा अनुभव आहे. महिनोन्‌महिने टिपलेली हालचाल मिनिटभरात दाखवणारे व्हिडिओ मिळतात. ते दाखवा, मग फळ्यावरची नामनिर्देशित आकृती उतरवून घ्या. परीक्षेत गुण तिलाच आहेत.

धागाकर्ता

सर, व्हिडिओ मी गेल्या वर्षी दाखवला होता. नंतर चित्र काढायला लावलं तर निम्म्या वह्यांत बर्फ घसरगुंडीवरून लादी घसरावी तसा आला. पाहिलं सगळ्यांनी, पण बर्फ तळाशी घसरतो तसा स्वतःच्या वजनानं आतूनही सरकतो, हे कुणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. चित्र काढून घेतलं नसतं तर हे मला कळलंही नसतं.

विज्ञान शिक्षिका, नांदेड

चित्राच्या बाजूची आहे मी, काकवीच्या नाही. काकवी द्रव आहे, बर्फ घन. काकवीला कधी भेगा पडलेल्या पाहिल्यात का? हिमनदीचा वरचा साधारण पन्नास मीटरचा थर ठिसूळ असतो, चढउतारावर तो तडकतो. त्याखाली दाब इतका की बर्फाचे स्फटिक हळूहळू आकार बदलत सरकतात. तुमची लेकरं आता हिमनदी म्हणजे घट्ट पाक समजतील. त्यात ही फक्त वरून पाहिलेली आकृती. उभा छेद काढून घ्या: तळाला खडक, मधे वितळलेल्या पाण्याचा पातळ थर, वर बर्फ. तळाचा बर्फ खडकाला घासत मागे राहतो, वरचा पुढे जातो. हे बाजूनं पाहिल्याशिवाय दिसत नाही.

शेतकरी पालक, बीड

मी शिक्षक नाही, तरी लिहितो. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गोदावरीत हिमनदीचं थेंबभर पाणी येत नाही, आमच्या पोरांना बोअर का आटतो तेच ठाऊक नाही. एवढे कष्ट भूजलावर घ्या की. काळ्या दगडात पाणी कुठं मुरतं, ते काढायला लावा.

शिक्षिका, जालना

दादा, ही हातोटी भूजलालाही चालते, मी करून पाहिलंय. विहिरीचा छेद काढायला सांगितला तर मुलं जमिनीखाली तळं काढतात. पण म्हणून हिमनदी सोडून द्यायची नाही. पोरगी उद्या कुठं शिकायला जाईल ते आपण आज कसं ठरवणार?

मुख्याध्यापक सरांचं एक मात्र खरं: ज्यांचा हात चांगला नाही ती मुलं वही झाकून बसतात. मी या चित्रांना गुणच देत नाही, रंगही वापरू देत नाही. फक्त पेन्सिल आणि बाण.

धागाकर्ता

नांदेडच्या मॅडम, उभ्या छेदाचं मान्य. सोमवारी तेच घेतो, आणि भेगाही काढून घेतो. काकवी मात्र सोडणार नाही, ती फक्त कमान दाखवायला आहे, हे आधीच सांगेन.

दादा, भूजलालाही दोन तास देतो, शब्द देतो.

मुख्याध्यापक सर, चुकीचं चित्र डोक्यात राहतं म्हणता, तर हे बघा. ‘गंगोत्री हिमनदी मागे हटते आहे’ हे वाक्य दिलं तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांनी बाण डोंगराकडं, चढाच्या दिशेनं काढला. बर्फ तर कायम उताराकडंच जातो. गोमुखाशी, म्हणजे हिमनदीच्या खालच्या टोकाशी, वितळणं जास्त आणि वरून येणारा बर्फ कमी, म्हणून टोक मागे जातं. ऱ्होनचे दगडही खाली सरकत होते आणि तिचं टोक त्याच वर्षांत मागे हटत होतं. तो उलटा बाण लेकरांच्या डोक्यात आधीपासून होता, सर. वहीत उतरला म्हणून खोडता आला.

निवृत्त मुख्याध्यापक, लातूर

बाणाचं पटलं. साठ मुलांच्या वह्यांचं अजून नाही.