मदत हवी आहे: आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन जळगावात करावं की मुंबईला न्यावं?

चोपडेकर_पुण्यात
आप्पांना आतड्याचा कॅन्सर निघालाय. जळगावचे सर्जन म्हणतात पुढच्या आठवड्यात घेऊन टाकू. मोठा भाऊ म्हणतो इथंच करा, मेव्हणे म्हणतात मुंबईशिवाय हात लावू देऊ नका. फोनवर रोज भांडणं. सरळ उत्तर हवंय: जळगाव, नाशिक की टाटा? कुठे केलं तर माणूस जास्त जगतो? 'काळजी घ्या, धीर धरा' छाप प्रतिसाद नकोत, वेळ नाही.

तापीकाठ
कुठलं आतडं? वय? बायोप्सी, सीटी झाली का? पसरलाय का? यातलं काहीच न लिहिता कोण काय सांगणार?

केळीबाग_रावेर
टाटा. डोळे झाकून टाटा. आमच्या काकांचं तिथंच झालं, आज केळीच्या घडांवर स्वतः फवारणी करतात. रात्रीची अमरावती एक्सप्रेस धरा, सकाळी मुंबईत. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला 75 टक्के. फॉर्म दवाखान्यातून भरून आणायचा.

गावगाडा
काका मुंबईला गेले तेव्हा सोबत दोन पोरं होती ना तुमची? यांच्याकडे कोण आहे ते तर विचारा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत.

चोपडेकर_पुण्यात
मोठं आतडं, डावीकडे. वय 66. शुगर आहे. बायोप्सीत कॅन्सरच आलाय, सीटीचा रिपोर्ट भावाकडे आहे. आता सांगा, जळगाव की मुंबई?

हरितामृत
दादा, सकाळी अनशापोटी गव्हांकुराचा रस, सोबत कच्ची हळद. ऑपरेशनची गरजच पडत नाही, अनुभव घेऊन बघा. व्यनि (खाजगी निरोप) केलात तर पत्ता देतो.

तापीकाठ
आले. आमच्या गल्लीतल्या एकाने वर्षभर मूळव्याधीचा पाला खाल्ला. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालला होता. दुर्बीण टाकली तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला. हे धंदे इथं नकोत.

हरितामृत
ॲलोपॅथीने किती वाचतात तेही सांगा की.

वॉर्डातली_ताई
नाशिकला सर्जिकल वॉर्डात नर्स आहे, तेवढ्या हक्काने सांगते.

मोठ्या आतड्याचा असेल तर ऑपरेशन बहुतेक वेळा आधी. गुदाशयाचा असेल तर पेल्व्हिसचा (ओटीपोटाचा) एमआरआय काढून पुष्कळांना आधी रेडिएशन आणि केमो देतात, मग ऑपरेशन. तिथे मात्र रोज हेच काम करणारं सेंटर गाठा. जागा अरुंद असते, हाताला सवय नसेल तर पेशंट आयुष्यभर भोगतो. आप्पांचं डावीकडचं मोठं आतडं, तेव्हा जळगावला नियमित कॅन्सर सर्जरी करणारा सर्जन असेल तर लगेच नाही म्हणू नका.

पण नुसतं नाव ऐकून ठरवू नका. विचारायचं ते असं: वर्षाला अशा किती केसेस करता? रात्री आयसीयूत डॉक्टर प्रत्यक्ष असतो की फोनवर? रक्तपेढी किती लांब? रात्री सीटी होतो का? आतड्याचा जोड मोठ्यात मोठ्या दवाखान्यातही कधीकधी लीक होतो. साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी ताप येतो, नाडी पळते, पोट फुगतं. कोणीतरी ते रात्री दोनला ओळखून पेशंटला पुन्हा थिएटरमध्ये नेलं तर तो वाचतो. सकाळच्या राउंडची वाट पाहिली तर बरेचदा नाही. दवाखान्या-दवाखान्यांत मुख्य फरक इथं पडतो.

आणि काढलेला तुकडा तपासायला जातो, त्यात किमान 12 लिम्फ नोड्स (रसगाठी) तपासलेले हवेत. रिपोर्टवर आकडा असतो. कमी निघाले तर स्टेज कमी वाटते आणि ज्याला केमो लागणार होती त्याला ती मिळतच नाही.

पॉलिसीमित्र
मेडिक्लेम आहे का? नसेल तर घरच्या बाकीच्यांचा आत्ताच काढून घ्या. प्री-एक्झिस्टिंगचा वेटिंग पिरियड...

गावगाडा
भो, इथं कोण मागतंय पॉलिसी? रेशन कार्ड कुठलं ते सांगा. महात्मा फुले योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत आहे, पण यादीतल्याच दवाखान्यात. ॲडमिशनआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या माणसाला) भेटा. आधी पैसे भरून मागून योजना लावू म्हटलं तर नाकीनऊ येतात.

केळीबाग_रावेर
ताईंचं बरोबर, पण दुसरं मत तरी टाटाचं घ्याच. 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट अपलोड केले तर तिथल्या डॉक्टरांचं मत घरबसल्या मिळतं. प्रत्यक्ष गेलात तर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स सोबत न्या, ते स्वतः बघतात.

वॉर्डातली_ताई
बरोबर. आता मला हे सांगा: हिमोग्लोबिन किती? वजन उतरलंय का? बिडी-तंबाखू? घरी करणारं कोण? ऑपरेशनइतकंच हेही बघावं लागतं.

चोपडेकर_पुण्यात
हिमोग्लोबिन 7.8. बिडी आहे. आई नाही, ते शेतातल्या घरी एकटेच असतात, भाऊ गावात. त्यांना अजून कॅन्सर सांगितलेला नाही, गाठ म्हणून सांगितलंय. पोटावर शौचाची पिशवी लागणार असेल तर ऑपरेशनला येणारच नाही म्हणतात. हे सगळं नंतरचं झालं. शहर कुठलं ते ठरवायचंय.

शिरपूरची_लेक
नंतरचं कसं? माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन पुण्यात एक नंबर झालं. केमो मात्र अर्ध्यात सोडली. दर 21 दिवसांनी गाडी करा, सोबत माणूस शोधा, त्यात कापसाची वेचणी. प्रत्येक वेळी कोणाची तरी मजुरी बुडायची. तेच म्हणाले, बस झालं. स्टेज तीन होती. दोन वर्षांनी परत निघाला. डॉक्टर कुठला हे आता कोणी विचारतही नाही.

वॉर्डातली_ताई
केमो लागली तर ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवी. आप्पांना तिच्यासाठी नेणारा माणूस आणि जवळची जागा आजच ठरवा. मुंबईत ऑपरेशन आणि जळगावात केमो असंही करता येतं. एकटा राहणारा, ॲनिमिया असलेला, बिडी ओढणारा पेशंट आणि घरात करणारं माणूस असलेला पेशंट, दोघांचं ऑपरेशन सारखं झालं तरी पुढचं सारखं होत नाही. बिडी आज बंद. तीन छोट्या चेंडूंचं श्वास ओढायचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, ते आत्तापासून करायला लावा. हिमोग्लोबिनसाठी शिरेतून लोहाचं इंजेक्शन द्यायचं की रक्त, ते डॉक्टर ठरवतील.

तापीकाठ
आणि सांगा त्यांना. माणसाला आपल्या पोटात काय आहे हे कळू नये?

गावगाडा
सांगून खचले तर? आमच्याकडे सांगितलं आणि माणसाने जेवणच सोडलं.

तापीकाठ
न सांगता सही कशावर घेणार?

शिरपूरची_लेक
दोघं थांबा. पिशवी बऱ्याचदा काही महिन्यांपुरतीच असते, मग जोडून घेतात. मोठ्या आतड्याला तर पुष्कळदा लागतही नाही. हे सर्जनच्या तोंडून ऐकवा, मुलाच्या नको.

चोपडेकर_पुण्यात
ठीक. आता भावाचा फोन आला होता. पोट फुगलंय, तीन दिवस शौचाला झालं नाही, वारंही सरत नाही, संध्याकाळी उलटी झाली. तो म्हणतो जुलाबाचं औषध देतो. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबता येईल ना?

वॉर्डातली_ताई
नाही. जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका. तोंडाने काही नको. आत्ता, या रात्री, जळगावला सर्जन आणि आयसीयू असेल तिथं न्या. आतडं बंद पडल्यावर घाईत केलेल्या ऑपरेशनचा धोका ठरवून केलेल्यापेक्षा खूप जास्त असतो, पिशवीची शक्यताही वाढते. मुंबईचा विषय आज बंद. फोन लावा भावाला.

केळीबाग_रावेर
ताईंचं ऐका. माझं टाटा मागे घेतो.

हरितामृत
एनिमा देऊन बघा आधी...

तापीकाठ
संपादक, हा प्रतिसाद उडवा.

चोपडेकर_पुण्यात
दाखल केलं. नाकातून नळी टाकलीय, सलाइन चालू, पोट थोडं उतरलंय. सर्जन म्हणाले पूर्ण बंद नाही, दोन-तीन दिवस सावरू, रक्त चढवू, मग सोमवारी करू. लिम्फ नोड्सचं विचारलं तर म्हणाले, पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीवर लिहून देतो. आप्पांना त्यांनीच सांगितलं. आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, तूर काढणीला येईपर्यंत उभा राहीन का. मी पुण्याहून निघालोय. केशरी कार्ड आहे, आरोग्यमित्र सकाळी भेटतील. केमोच्या वेळी आप्पा वहिनीकडे राहतील, भाऊ हो म्हणालाय. रक्ताच्या दोन पिशव्या हव्यात.

केळीबाग_रावेर
रक्तगट टाका. पोरं सकाळी पाठवतो.

चोपडेकर_पुण्यात
बी पॉझिटिव्ह.